पहिल्या नोकरीचा सीव्ही: झेरॉक्सच्या दुकानातली फाइल नको, स्वतः केलेलं काम लिहा

आयटीआय, डिप्लोमा, बीकॉम, बीएस्सी झालं की पुण्याकडे, नाशिककडे, छत्रपती संभाजीनगरकडे निघालेल्या मुलामुलींच्या हातात जो सीव्ही असतो, तो बऱ्याचदा त्यांचा नसतोच. झेरॉक्सच्या दुकानात आधीच्या कुणाची तरी वर्डची फाइल उघडतात. नाव बदलतात, मोबाइल नंबर बदलतात, टक्के बदलतात, प्रिंट काढतात. घाईत एखाद्या मुलीच्या सीव्हीत दुसऱ्याच मुलाच्या वडिलांचं नाव राहून जातं, बीकॉमवालीच्या कौशल्यांत ऑटोकॅड राहतं.

असे सीव्ही वाचताना मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्या कारणाने. समोर बसलेल्या मुलाला दोन प्रश्न विचारले की कळतं, याने पुष्कळ काम केलंय. कुणी मामाच्या दुकानाचा हिशेब ठेवलाय, कुणी गावच्या पतसंस्थेत सुट्टीत बसलाय, कुणी तालमीचं आख्खं मैदान उभं केलंय. आणि कागदावर यातलं काहीच नाही. 'हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर' एवढंच. हा लेख त्या मुलांसाठी आहे.

आधी जाहिरात, मग लेखणी

कॉम्प्युटरपाशी बसण्याआधी ज्या जागेसाठी अर्ज करायचाय तिची जाहिरात दोनदा वाचा. समजा जाहिरात अशी आहे: अकाउंट्स असिस्टंट, भोसरी, बीकॉम, टॅली आणि एक्सेल आवश्यक, जीएसटीची माहिती, अनुभव 0 ते 2 वर्षं. म्हणजे त्या माणसाला तुमच्या सीव्हीत चार गोष्टी शोधायच्या आहेत. बिलं नोंदवता येतात का, एक्सेलवर हात बसलाय का, जीएसटी ऐकून तरी माहीत आहे का, आणि रोज भोसरीला येणं जमेल का. या चारांची उत्तरं पहिल्या अर्ध्या पानात सापडली पाहिजेत. तुम्ही शाळेत वक्तृत्वात पहिले आला होता हे चांगलंच आहे, पण इथे ते खाली जाईल किंवा जाणारच नाही.

जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे उचला, अर्थात ते काम तुम्हाला येत असेल तरच. त्यांनी 'बँक रिकन्सिलिएशन' म्हटलं असेल आणि तुम्ही 'पासबुकाशी हिशेब जुळवणे' लिहिलंत, तर काम एकच असूनही वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटेल.

मग एक कोरा कागद घ्या. दहावीनंतर आजपर्यंत जे जे काम केलं ते सगळं त्यावर उतरवा. पगार मिळाला की नाही याचा विचार करू नका. प्रत्येक कामापुढे पाच गोष्टी लिहा: कुठे, कधीपासून कधीपर्यंत, काय केलं, किती केलं, कशावर केलं. हा कागद कुणाला दाखवायचा नाही, त्यामुळे लाजू नका. यातूनच सीव्ही निघणार आहे.

'मी तर काहीच केलं नाही' म्हणणाऱ्यांसाठी

एक उदाहरण जरा सविस्तर बघू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात.

बीकॉम झालेली एक मुलगी आहे असं धरू. वडिलांचं गावात दूध संकलन केंद्र. कॉलेजला असताना ती सकाळ-संध्याकाळ केंद्रावर असायची. तिच्या सीव्हीत अनुभवाच्या रकान्यात लिहिलेलं असतं 'फ्रेशर'. आणि छंदांमध्ये 'वाचन, संगीत ऐकणे'.

आता तिला विचारा, केंद्रावर काय करायचीस? ती सांगेल, दूध आलं की मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढायचे, लिटर लिहायचे, दरपत्रकावरून भाव लावायचा, पावती द्यायची. दर दहा दिवसांनी प्रत्येक शेतकऱ्याचं बिल काढायचं. त्यातून पशुखाद्याचे आणि उचलीचे पैसे वजा करायचे. कुणी म्हणालं, माझं लिटर कमी लागलंय, तर वहीतून नोंद काढून दाखवायची.

अहो, हा अकाउंट्सचाच अनुभव आहे. तो सीव्हीत असा येईल:

दूध संकलन केंद्र (कौटुंबिक व्यवसाय), जून 2021 ते एप्रिल 2024, अर्धवेळ
• रोज दोन वेळा सुमारे 60 उत्पादकांच्या दुधाची मोजणी, फॅट-एसएनएफ आणि दराची संगणकावर नोंद
• दर दहा दिवसांची बिलं एक्सेलमध्ये तयार करणं. पशुखाद्य आणि उचल यांची वजावट
• उत्पादकांच्या बिलाबाबतच्या तक्रारी नोंदी तपासून सोडवणं

प्रत्यक्षात हे इंग्रजीत जाईल, पण आशय हाच. यात एकही मोठा शब्द नाही. तरीही वाचणाऱ्याला कळतं की ही मुलगी रोज, वेळेवर, आकड्यांचं काम करते, पैशाच्या वजावटी तिला समजतात आणि चिडलेल्या माणसाशी ती बोलू शकते. 'कौटुंबिक व्यवसाय' हे शब्द मुद्दाम घातलेत. लपवलं असतं तर मुलाखतीत विचारल्यावर तोंड बारीक झालं असतं. उघड लिहिलं की कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आकडा आठवत नसेल तर 'सुमारे' लावा, पण अंदाज प्रामाणिक हवा. 60 चे 200 करू नका. त्याच भागातला एखादा एचआरवाला समोर बसलेला असतो आणि त्याला गावात किती गोठे आहेत ते ठाऊक असतं.

याच रीतीने शेतमाल बाजार समितीत नेणं, मेडिकल दुकानात बसणं, शिकवण्या घेणं, एनएसएसच्या शिबिरात साठ जणांच्या जेवणाचं सामान आणणं, गणेश मंडळाचा जमाखर्च लिहिणं, सगळं लिहिता येतं. मात्र जागेशी त्याचा काहीतरी संबंध लागला पाहिजे. 2024 पासून मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत अनेकांनी ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी कार्यालयात काही महिने काम केलं. तो काळ पुष्कळ जण सीव्हीत 'सरकारी योजना' एवढ्यावर उरकतात. तिथे कोणते दाखले तयार केलेत, कोणत्या पोर्टलवर नोंदी भरल्यात, ते लिहा.

वरच्या चार ओळी

नाव. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, म्हणून तीच सवय सीव्हीत उतरते. खाजगी कंपनीच्या अर्जात स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी ठेवा. नोकरीच्या साइटवरचं सॉफ्टवेअर पहिला शब्द नाव आणि शेवटचा आडनाव समजतं, आणि मग फोनवर तुम्हाला कुणीतरी वडिलांच्या नावाने हाक मारतं. नावाचं स्पेलिंग आधार आणि गुणपत्रिकेवर एकसारखं आहे का, हेही आत्ताच तपासा. फरक असेल तर नेमणुकीच्या वेळी धावपळ होते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा फाइलमध्ये तयार ठेवा, सीव्हीत त्याचा खुलासा नको.

मोबाइल नंबर एकच, चालू असलेला. ईमेल साध्या नावाचा. अकरावीत गमतीने काढलेला आयडी असेल तर नवा काढा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि तो ईमेल मोबाइलवर उघडा ठेवा. मुलाखतीचं पत्र स्पॅममध्ये पडून राहिल्याने हुकलेल्या संधी मी पाहिल्या आहेत.

पत्ता पूर्ण नको, घर नंबर आणि पिनकोडची गरज नाही. पण तुम्ही परगावचे असाल तर 'मूळ गाव अमुक, जि. लातूर, पिंपरी-चिंचवड परिसरात राहण्यास तयार' अशी ओळ जरूर हवी. एचआरच्या मनात पहिली शंका तीच असते, की हा पोरगा येईल का आणि आला तर टिकेल का.

उद्दिष्ट नको, ओळख हवी

'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' ही ओळ इतक्या सीव्हींवर आहे की ती कुणी वाचत नाही. तिच्या जागी तुम्ही कोण, काय येतं आणि काय हवंय हे दोन ओळींत सांगा. 'बीकॉम पदवीधर. तीन वर्षं दूध संकलन केंद्राची बिलं आणि नोंदी सांभाळल्या. टॅली प्राइममध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करता येतं. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज.' एवढं पुरे.

शिक्षण, टक्के आणि एटीकेटी

शेवटचं शिक्षण सगळ्यात वर. पदवी किंवा डिप्लोमा, मग बारावी, मग दहावी. कॉलेज, विद्यापीठ किंवा मंडळ, वर्ष, गुण. सीजीपीए असेल तर सीजीपीएच लिहा. टक्के मागितले असतील तर तुमच्या विद्यापीठाच्या सूत्राने काढा, मैत्रिणीच्या विद्यापीठाच्या नाही.

विषय राहिले असतील तर? सुटले असतील तर सीव्हीत उगाळायची गरज नाही. अजून बाकी असतील तर 'शेवटच्या सत्राचा एक विषय बाकी, परीक्षा अमुक महिन्यात' असं सरळ लिहा. पदवी पूर्ण झाल्यासारखं दाखवू नका. कागदपत्रांच्या पडताळणीत ते उघड होतंच, आणि तेव्हा हातात आलेली नोकरी जाते.

आयटीआयवाल्यांनी ट्रेड, कालावधी आणि प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं (राष्ट्रीय परिषद) की एससीव्हीटीचं (राज्य परिषद) ते स्पष्ट लिहावं. अप्रेंटिसशिप झाली असेल तर ती शिक्षणात दडपू नका, अनुभवात वर आणा. कारखान्यात एक वर्ष पाळीत काम केलेल्या माणसाला फ्रेशर म्हणवून घ्यायचं काहीच कारण नाही.

ट्रेनिंग आणि प्रोजेक्ट: एक ओळ दुरुस्त करून पाहू

मेकॅनिकल डिप्लोमाच्या सीव्हीत नेहमी असतं: 'नॉलेज ऑफ सीएनसी मशीन'. यावरून काहीच कळत नाही. मशीन लांबून पाहिलंय की हाताळलंय?

तेच असं लिहा (व्हीएमसी हा सीएनसी मशीनचाच एक प्रकार, फॅनुक ही त्याच्या कंट्रोलची कंपनी): 'सहा आठवड्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग, व्हीएमसी विभाग. फॅनुक कंट्रोल. जॉब लोडिंग, टूल ऑफसेट बदलणं (ऑपरेटरच्या देखरेखीखाली), पहिला नग व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने मोजून इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये नोंद.'

कंसातले 'देखरेखीखाली' हे शब्द काढायचा मोह होईल. काढू नका. शॉपफ्लोअरवरचा इंजिनिअर हे वाचून तुमच्यावर जास्त विश्वास ठेवतो, कारण ट्रेनीला एकट्याने ऑफसेट बदलू देत नाहीत हे त्याला माहीत असतं.

कॉलेजचा ग्रुप प्रोजेक्ट असेल तर चौघांत तुमच्या वाट्याला काय आलं ते लिहा. ड्रॉइंग काढलं, वेल्डिंग करून घेतलं की रिपोर्ट टाइप केला? रिपोर्ट टाइप केला असेल तरी तेच लिहा आणि तो नीट वाचून जा.

कौशल्यं: प्रत्येक शब्दाला एक प्रश्न

कौशल्यांच्या यादीला माझी एकच कसोटी आहे. प्रत्येक शब्दावर समोरचा एक प्रश्न विचारणार, त्याचं उत्तर देता आलं तर शब्द राहील. व्हर्निअर लिहिलंत तर लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, सांगता यायला हवा: नेहमीच्या व्हर्निअरचा 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01. जीएसटी लिहिलंत तर जीएसटीआर-1 मध्ये विक्रीचा तपशील जातो आणि जीएसटीआर-3बी मध्ये महिन्याचा गोषवारा आणि कर भरणा, एवढं तरी हवंच. नुसतं 'एक्सेल' नको. व्हीलुकअप, पिव्होट, फिल्टर यांपैकी जे येतं ते नाव घेऊन लिहा. एमएससीआयटी, टंकलेखनाची 30 किंवा 40 शब्दांची परीक्षा यांची एक ओळ ठेवा. कार्यालयीन कामाच्या जागांना तिचा उपयोग होतो.

कौशल्यांपुढे चांदण्या किंवा टक्क्यांच्या पट्ट्या काढू नका. 'इंग्रजी 80 टक्के' याचा अर्थ कुणालाच लागत नाही. 'इंग्रजी वाचता-लिहिता येतं, बोलण्याचा सराव चालू' हे खरं आणि उपयोगाचं आहे.

स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षं

हा प्रश्न महाराष्ट्रात घराघरांत आहे. पदवी 2019 ला, मग पुण्यात खोली, अभ्यासिका, राज्यसेवा, संयुक्त परीक्षा, भरती पुढे ढकलली गेली, आणि आता वय 27. ही वर्षं लपवायची कशी, असं मुलं विचारतात. कुजबुजत विचारतात, याचं मला फार वाईट वाटतं. अभ्यास करणं हा गुन्हा नाही.

लपवू नका. तारखा ओढून-ताणून जुळवू नका, खोटं अनुभवपत्र तर अजिबात विकत घेऊ नका. एका ओळीत लिहा: 'स्पर्धा परीक्षांची तयारी, 2019 ते 2023'. पूर्व परीक्षा किंवा मुख्य परीक्षेपर्यंत पोचला असाल तर तेही लिहा. त्या काळात शिकवणी घेतली, अभ्यासिकेची व्यवस्था पाहिली, अर्धवेळ डेटा एंट्री केली, तर ते वेगळ्या नोंदीत. आणि गेल्या काही महिन्यांत नव्या दिशेने एखादं ठोस पाऊल टाकलेलं दिसू द्या, उदाहरणार्थ टॅलीचा कोर्स किंवा ओळखीच्या कर सल्लागाराकडे तीन महिने काम. नोकरी देणाऱ्याला एवढंच हवं असतं की आता तुमचं ठरलंय, पुढची जाहिरात निघाली की तुम्ही सोडून जाणार नाही. मुलाखतीत हा प्रश्न येणारच. त्याचं खरं उत्तर आधी घरी मोठ्याने बोलून पाहा.

लग्न, बाळंतपण, घरच्या आजारपणामुळे पडलेला खंडही असाच. 'कौटुंबिक जबाबदारी, 2020 ते 2022' एवढं पुष्कळ झालं, तपशील द्यायची गरज नाही.

काय काढून टाकायचं

धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, उंची, रक्तगट. यातलं बरंच स्थळासाठीच्या बायोडेटातून इकडे आलेलं असतं. खाजगी नोकरीला याची गरज नाही; सरकारी अर्जाचा ठरलेला नमुना असतो, तिथे मागतील ते भरा. शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र, ठिकाण, सही, हेही मागितलं तरच. आमदार-सरपंचांचं नाव संदर्भ म्हणून देऊ नका. तुमचं काम पाहिलेले शिक्षक किंवा सुपरवायझर द्या, तेही त्यांना विचारून आणि मागितल्यावरच. फोटो जाहिरातीत मागितला असेल तर साध्या पार्श्वभूमीचा.

आधार आणि पॅन नंबर सीव्हीत कधीही टाकू नका.

पान कसं मांडायचं

पहिल्या नोकरीला एक पान. ए4, कॅलिब्री किंवा एरियल, 11 चा टाइप, चारही बाजूंना मोकळी जागा. दोन रकान्यांचे रंगीत नमुने कॅनव्हावर छान दिसतात, पण मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या साइटवर सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि ते रकाने, चौकटी आणि चित्रांत गोंधळतं. तपासायची सोपी रीत: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रम नीट आला तर सॉफ्टवेअरलाही नीट दिसण्याची शक्यता बरीच. शिक्षणाच्या मध्येच मोबाइल नंबर आला तर मांडणी बदला. मोबाइलने कागदाचा फोटो काढून केलेल्या पीडीएफमधून तर काहीच कॉपी होत नाही.

इंग्रजी वाक्यं क्रियापदाने सुरू करा: प्रिपेअर्ड, चेक्ड, मेंटेन्ड, ऑपरेटेड, असिस्टेड. 'आय' नको. चॅटजीपीटीकडून भाषा तपासून घ्यायला हरकत नाही, पण आधी मजकूर तुमचा हवा. त्याला नुसतं 'फ्रेशरचा सीव्ही दे' म्हटलंत तर ते झेरॉक्सच्या दुकानातल्या फाइलसारखंच काहीतरी देईल, फक्त इंग्रजी जास्त भारी. जो शब्द तुम्हाला बोलताना वापरता येत नाही तो काढून टाका.

पतसंस्था, सहकारी बँक, वृत्तपत्र, सामाजिक संस्था, मराठी शाळा इथे मराठी सीव्ही चालतो, काही ठिकाणी तोच बरा वाटतो. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली वर्डची फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं दाखवते.

परदेशासाठी अर्ज करणाऱ्यांनी त्या देशाची रीत पाहावी. अमेरिकेत फोटो, वय, वैवाहिक स्थिती देत नाहीत. जर्मनीत तारीखवार, तक्त्यासारखा सीव्ही चालतो आणि मधले खंड लगेच डोळ्यांवर येतात. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून नर्सिंग आणि आयटीआयवाले याची चौकशी फार करतात. त्यांनी जर्मन भाषेची पातळी, ए2 की बी1, सीव्हीत वरच लिहावी.

पाठवताना

फाइलला नाव द्या: तुमचं नाव, पद, सीव्ही. 'न्यू फायनल 2' अशी फाइल एचआरच्या फोल्डरमध्ये हरवते. पीडीएफच पाठवा. ईमेलच्या विषयात पदाचं नाव आणि तुमचं नाव. खाली कोरं सोडून नुसती फाइल जोडू नका, चार ओळी लिहा: कोणत्या जागेसाठी, जाहिरात कुठे पाहिली, तुमचं त्या जागेशी जुळणारं एक काम, आणि कधीपासून रुजू होऊ शकता. व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगितलं असेल तरी नमस्कार आणि नाव लिहूनच पाठवा.

चाकण, रांजणगावला अजूनही गेटवर सीव्ही देण्याची पद्धत आहे. तिथे दोन-तीन स्वच्छ प्रती घेऊन जा आणि कोपऱ्यात पद ठळक लिहा, म्हणजे सिक्युरिटीच्या टेबलावरून तो योग्य विभागात जाईल.

कुणाला कोणता सीव्ही पाठवला ते वहीत लिहून ठेवा: तारीख, कंपनी, पद. फोन आल्यावर 'कोणती कंपनी म्हणालात?' असं विचारायची वेळ येऊ नये. अर्ज केल्यावर अनोळखी नंबर उचला, आणि सीव्हीची एक प्रत हाताशी ठेवा, कारण पहिले प्रश्न त्याच फोनवर सुरू होतात.

आणि सीव्ही नोकरीच्या साइटवर टाकला की खोटे फोनही येतात. निवड झाली, आता रजिस्ट्रेशनचे, युनिफॉर्मचे, लॅपटॉपचे पैसे भरा, असं म्हणतात. कंपनीच्या नावाचं पत्रही पाठवतात. नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा, ओटीपी सांगू नका, आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर लाजून घरी बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.